कोंबडी कुठल्या बाजूनं सुटली

दस्तगीर रंगाऱ्याची बोटं कधीच माणसाच्या रंगाची नसत. लग्नसराईत ती केशरी, श्रावणात हिरवी, आणि मधल्या रिकाम्या दिवसांत सगळे रंग एकमेकांत मुरून उरलेल्या एका काळसर छटेची. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या एका बोळात त्याचं दुकान होतं. पुढं बसायला फळी, मागं भट्टी, भट्टीवर तांब्याचे हंडे, आणि वर आडव्या दोऱ्यांवर वाळत घातलेले फेटे. आत जाताना मान वाकवावी लागे. नाही वाकवली तर टोपीवर गुलाबी थेंब पडे आणि ती टोपी दस्तगीरकडं जाऊन आल्याचं गावभर सांगत फिरे.

शुक्रवारी भट्टी पेटत नसे. नमाज पढून तो परत आला की आम्ही तिथं जमत असू. हंबीरराव, एके काळी खासबागेच्या मैदानात लढलेले, आता तालमीतल्या पोरांच्या माना चाचपत फिरणारे. आकाराम, एका टॉकीजच्या दारावर उभा राहून तिकिटं फाडणारा. आणि मी, पोस्टातला कारकून. ही साठ-एकसष्टची गोष्ट. थंड भट्टीजवळ बसून आम्ही एकमेकांना सवाल टाकायचो. दुसरं काही काम नव्हतं, आणि ते नव्हतं म्हणूनच शुक्रवारची वाट बघितली जायची.

"पन्हाळ्यावर अंबरखान्यातलं सगळ्यात मोठं कोठार कुठलं?" हंबीरराव विचारत.

"गंगा," आकाराम म्हणे. "हे काय इचारणं झालं, पैलवान? हे दुसरीतलं पोरगं सांगंल."

"मग तू दुसरीत का नापास झालतास?"

सवालाला एक कायदा होता, साक्षीचा. तो हंबीररावांनी घातला होता. एकदा आकारामनं ठोकून दिलं, की त्याच्या पणजोबानं छत्रपतींच्या घोड्याचा लगाम धरला होता. हंबीरराव म्हणाले, "जा, घोड्याला इचारून ये." तेव्हापासून ठरलं की ज्याचा जवाब जाऊन डोळ्यानं बघता येत नाही, तो सवाल बाद. त्यामुळं आम्ही सायकली मारत पन्हाळ्याला गेलो आहोत. तीन दरवाज्यावरच्या फारसी लेखासमोर दस्तगीर बराच वेळ मान वर करून उभा राहिला होता. शेवटी म्हणाला, "अक्षरं वळखत्यात. अर्थ लागंना." हंबीररावांनी अर्धा जवाब मान्य केला.

सिनेमाचा सवाल अडला तर साक्षीला टॉकीजमध्ये जायचं, सगळ्यांनी. आणि हरलेल्यानं बाकीच्यांना गंगावेशीत दूध पाजायचं. म्हैस समोर उभी, धार पितळी भांड्यात, भांड्यातून पेल्यात, वर बोटभर फेस. दूध पिताना बोलायचं नाही, हा आणखी एक कायदा. तो कुणी घातला नव्हता.

दस्तगीरचे सवाल एकाच पिक्चरचे असत. त्याला आम्ही ‘बाजाराचं पिक्चर’ म्हणायचो. छप्पनच्या सुमाराला इथल्याच एका स्टुडिओत काढलेलं, बेताचंच चाललेलं. पण जुनी पिक्चरं मॅटिनीला लावायची रीत होती, आणि वर्षातून कधीतरी ते परत येई. त्यात नायक हरवलेल्या भावाला शोधत पायऱ्या उतरून बाजारात येतो. पायऱ्यांच्या कडेला एक बाई वांग्यांची पाटी घेऊन बसलेली असते. शेजारच्या डालग्यातून एक कोंबडी सुटते. बाई ती धरते, हसते, हसताना तोंडावर पदर घेते. नायक पुढं जातो. बाईला नाव नाही, बोलणं नाही. पापणी चार वेळा लवली तर ती निघून गेलेली असते.

दस्तगीर विचारी, "कोंबडी कुठल्या बाजूनं सुटली?" पुढच्या शुक्रवारी विचारी, "बाईच्या मागं भिंतीवर काय टांगलंय?" त्याच्या पुढच्या शुक्रवारी, "हातात बांगड्या किती?"

"भाई," आकाराम म्हणे, "पिक्चरमध्ये हिरो हाय, हिरॉइन हाय, तलवारी हायत. तुला कोंबडीच बरी गावली."

"खायची सवय. दुसरं काय!" हंबीरराव म्हणत.

दस्तगीर हसे आणि बोटांवरचा रंग नखानं खरवडत बसे.

कोंबडीच्या सवालावर अडलं. हंबीरराव म्हणाले उजवीकडनं, दस्तगीर म्हणाला डावीकडनं. योगानं पिक्चर मॅटिनीला लागलं होतं, म्हणून आम्ही साक्षीला गेलो. कोंबडी पडद्याच्या डाव्या बाजूनं सुटली. बाईनं ती धरली, पदर घेतला, आणि तेवढ्यात आमच्या रांगेतून दस्तगीर उठला आणि अंधारात लोकांच्या गुडघ्यांना ठेचकाळत बाहेर गेला.

तो आम्हाला गंगावेशीत सापडला. हरलेल्या हंबीररावांनी पेले मागवले, पण स्वतःचा तोंडाला लावला नाही.

"सवाल तू टाकायचास आणि साक्षीच्या वक्ताला पळून जायचंस? कुस्तीत ह्याला काय म्हणत्यात, ठावं हाय?"

दस्तगीरनं पेला दोन्ही हातांत धरला होता. त्या दिवशी बोटं हिरवी होती. तो म्हणाला, "ती पाटीवाली रोशनबी हाय, पैलवान. माझी बायको."

त्याची बायको अंगावरचं पोर मागं ठेवून तापानं गेली, एवढं आम्हाला ठाऊक होतं. बाकीचं त्यानं तिथं उभ्यानं सांगितलं. स्टुडिओचा माणूस पडद्याचं कापड रंगवून घ्यायला आला होता. बाजारासाठी बायका हव्या होत्या, आपापल्या लुगड्यातल्या. रोशनबीला खोटा बाजार कसा दिसतो ते बघायचं होतं, म्हणून ती एक दिवस गेली. कोंबडी खरोखरच सुटली होती. ते पिक्चरमध्ये लिहिलेलं नव्हतं. तसं लिहिलेलं असतं तर ती इतकी हसली नसती. नंतर पोर झालं. फोटो काढायचा होता. ईदेला काढू असं दोघांनी ठरवलं होतं, आणि ईद यायच्या आत ती गेली.

"आता तिचं तोंड म्हणून तेवढंच हाय," तो म्हणाला. "त्याच्या फुडचं बघवत न्हाय. हिरोला भाऊ घावतोय, मला काय करायचंय?"

म्हशीची धार भांड्यात पडत होती. मग हंबीररावांनी पेला एका घोटात रिकामा केला आणि मिशी पुसली.

"डावीकडनं सुटली खरं," ते म्हणाले. "पण ती आपल्या डावीकडनं. बाईच्या अंगानं धरली तर उजवीकडनं. हे काय मिटलं न्हाय. परत बघाय लागंल."

तेव्हापासून ते पिक्चर आलं की हंबीरराव काहीतरी चुकीचं बोलत. भिंतीवर मोडकी छत्री टांगली आहे हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असे, तरी शुक्रवारी फळीवर बसता बसता म्हणत, "सूप हाय ते. मी पैजेवर सांगतो." मग आम्ही जायचो, ते हरायचे, दूध पाजायचे. आकाराम त्याच्या दारावर ते पिक्चर लागलं तर आधी निरोप द्यायचा. बांगड्यांचा सवाल सुटायला सगळ्यांत जास्त खेपा लागल्या. कोंबडी धरताना एक बांगडी फुटते आणि तिचा तुकडा उडताना दिसतो, म्हणून आधी मोजल्या तर वेगळा जवाब आणि नंतर मोजल्या तर वेगळा. तो तुकडा आकारामला पहिल्यांदा दिसला तेव्हा तो टॉकीजमध्ये ओरडला होता, आणि मागच्या रांगेतल्या माणसानं त्याला आईवरून शिवी दिली होती.

माणूस मेल्यावर कुठं जातो, या प्रश्नावर मी तरुणपणी पुष्कळ कविता लिहिल्या. त्यांतल्या एकीलाही साक्ष नव्हती. दस्तगीरला पत्ता माहीत होता. मॅटिनीला, पायऱ्यांच्या कडेला.

त्याच्या पोरीचं नाव मलिका. तिला तिच्या फुफीनं, दस्तगीरची बहीण शमशाद हिनं, वाढवलं. मलिका शुक्रवारी हंड्यांच्या मागं खेळत असायची. आमचे सवाल तिच्या कानावर पडून पडून तिलाही पाठ झाले होते. ती सहा वर्षांची झाली तेव्हा दस्तगीर तिला पिक्चरला घेऊन गेला. आईचं तोंड दाखवायला. पण पिक्चरमध्ये बाजार उशिरा येतो. त्याच्याआधी पुष्कळ रडारड आहे, एक लांबलचक कोर्ट आहे. कोर्टातच मलिका बापाच्या मांडीवर झोपली. दस्तगीरनं तिला उठवलं नाही. पोर मोठी झाली की परत आणू, असं त्यानं आम्हाला सांगितलं. त्यानंतर ते पिक्चर कोल्हापुरात आलंच नाही. रंगीत पिक्चरं आली, मॅटिनीलाही रंगीत लागू लागली, आणि बाजाराचं पिक्चर कुठल्यातरी गोदामात डब्यात जाऊन बसलं.

मलिकाचं लग्न कुरुंदवाडच्या सिकंदरशी झालं. त्याचं सायकलीचं दुकान होतं. वर्षभरानं ती बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. पोर बघायला आम्ही तिघं गेलो तेव्हा शमशाद पाळण्यापाशी बसली होती.

"बघा की पैलवानभाऊ," शमशाद म्हणाली. "हुबेहूब रोशन."

"व्हय," हंबीरराव वाकून म्हणाले. "हनुवटी तीच."

"हसू दे मग कळंल," आकाराम म्हणाला. "हसल्यावर डावा गाल आधी हालायचा."

मलिका भिंतीला टेकून बसली होती. ती एकदम म्हणाली, "सगळ्यांनी बघितलीया तिला. फुफीनं बघितली, पैलवानकाकांनी बघितली, आकाराममामानं बघितली. चार आणे देऊन आत आलेल्या सगळ्या गावानं बघितली. फकस्त मी न्हाय."

दस्तगीर दारात उभा होता. दुसऱ्या दिवशी त्यानं एका नवरदेवाचे फेटे केशरीऐवजी पिवळे काढले आणि नवरदेवाच्या बापाच्या शिव्या मान खाली घालून ऐकल्या.

त्या शुक्रवारी सवाल झाले नाहीत. हंबीरराव आकारामला म्हणाले, "तू एवढी वर्सं दारावर हाईस. एवढं एक पिक्चर घावंना तुला?" आकाराम पिक्चर वाटणाऱ्यांच्या ऑफिसात खेटे घालू लागला. तिथले लोक त्याला हसायचे. आणि सत्त्याहत्तरच्या थंडीत एका दुपारी तो सायकल बोळात आडवी टाकून आत धावला, मान वाकवायची विसरला, आणि डोक्यावर गुलाबी थेंब घेऊन म्हणाला, "दत्तजयंतीला! वाडीच्या जत्रंत! तंबू हाय!"

नृसिंहवाडीच्या जत्रेच्या गर्दीसाठी नदीपलीकडं कुरुंदवाडच्या अंगाला, मोकळ्या रानात फिरत्या टॉकीजनं तंबू ठोकला होता. जुनी, स्वस्तात मिळालेली पिक्चरं. त्यांत हे एक. मलिकाच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ.

आम्ही चौघं एसटीनं गेलो. दस्तगीरनं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बोटं लिंबानं इतकी घासली होती की ती लालसर झाली होती. मलिका पोरीला शालीत गुंडाळून आली. सिकंदरनं आम्हा सगळ्यांसाठी शेंगा दिल्या होत्या. तंबूत बायका एका बाजूला आणि पुरुष एका बाजूला, मधे दोर बांधलेला. मलिका दोराला लागून पलीकडं बसली, दस्तगीर दोराला लागून अलीकडं, आणि आम्ही त्याच्याशेजारी. पुनवेचं चांदणं तंबूच्या शिवणींतून आत गळत होतं.

रडारड झाली. कोर्ट झालं. दस्तगीर दर थोड्या वेळानं दोरापलीकडं वाकून विचारी, "जागी हाईस न्हवं?"

"जागी हाय, अब्बा. मी काय आता सहा वर्सांची हाय व्हय?"

नायक पायऱ्यांच्या वरच्या टोकाला आला. दस्तगीरनं दोर घट्ट धरला. म्हणाला, "आता. डाव्या अंगाला बघ."

नायकानं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. पडदा पांढरा झाला. एक ओरखडा वरून खाली गेला. आणि नायक भावाच्या गळ्यात पडलेला होता.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. भाऊ लवकर सापडला म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. दस्तगीर पडद्याकडं बघत राहिला. आज पहिल्यांदाच तो उठून बाहेर गेला नाही. दोराच्या पलीकडून मलिकाचा आवाज आला, अगदी हळू.

"अब्बा, म्या डोळं मिटलं न्हवतं."

मध्यंतराला पेट्रोमॅक्स पेटला तेव्हा हंबीरराव मशीनवाल्याकडं गेले. परत आले ते धोतराचा सोगा हातात घेऊन, कुस्ती निकाली न होता मैदान सोडावं तसे.

"लई तुटत व्हतं म्हणं तिथं," ते म्हणाले. "मागच्या एका जत्रंत कापून टाकलं. तुकडं कुठं हायत इचारलं. म्हणला, ‘पावणं, तुकडं पोरं नेत्यात, उनात धरून बघाय.’"

कुठल्यातरी गावात कुणीतरी रोशनबीला उन्हात धरून बघितलं होतं. मी ते मनात आणलं आणि मला ते फार वाईटही वाटेना. पण मलिका मान खाली घालून पोरीच्या शालीची गाठ सोडत होती, परत बांधत होती. दस्तगीरचे हात मांडीवर उपडे पडले होते. घासलेले, रंग नसलेले. ते कुणा दुसऱ्याचे हात वाटत होते.

आकारामनं शेंगांची टरफलं झटकली. जरा मोठ्यानंच म्हणाला, "पैलवान, सवाल टाकतो. कोंबडी कुठल्या बाजूनं सुटली?"

हंबीररावांनी त्याच्याकडं बघितलं. मग दोराकडं बघितलं. आणि मांडी ठोकून सावरून बसले.

"उजवीकडनं," ते म्हणाले.

"आपल्या का तिच्या?" मलिका म्हणाली. तिनं मान वर केली नव्हती.

"तिच्या. आता समदं तिच्याच अंगानं सांगायचं, बाई. तिच्या उजवीकडनं कोंबडी सुटली. लाल तुऱ्याची असणार, तुरा काळा दिसतोय. डालगं सारून सुटली ती थेट पाटीवर."

"पाटीत काय?"

"वांगी. वरचं एक गडगडत पायरीवर गेलं. हिरोचा पाय पडता पडता ऱ्हायला."

"धरली कुठल्या हातानं?"

"डाव्या," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

मलिकानं आपला डावा हात पोरीखालून काढला आणि बघितला. "फुफी मला या हातावर मारायची," ती म्हणाली.

"बांगड्या किती?" आकाराम म्हणाला आणि स्वतःच घाई करून सांगू लागला, "धरायच्या आधी का नंतर, ते आधी इचारायचं! एक फुटती. तुकडा उडतोय. त्यो पयल्यांदा मला दिसला, ह्या तिघांस्नी न्हाय. आणि फुटली तरी कोंबडी सोडली न्हाय तिनं."

"आणि मग?"

"मग हसली," मी म्हणालो. "आधी डावा गाल. मग भान आलं की लोक बघताहेत, तेव्हा पदर. पण पदर जरा उशिरा आला. हसणं आधीच दिसून गेलं होतं."

शेजारच्या बायका गप्प होऊन ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "कोण वो ही?" दुसरीनं तिला गप्प केलं. मलिका आता मान वर करून आमच्या तोंडांकडं आळीपाळीनं बघत होती, जणू प्रत्येकाच्या तोंडावर पिक्चरचा थोडा थोडा तुकडा उरला आहे. भिंतीवरची छत्री सांगून झाली. पायातलं जोडवं सांगून झालं. मग ती म्हणाली, "लुगडं कुठल्या रंगाचं?"

आम्ही थांबलो. हा सवाल इतक्या वर्षांत कुणी टाकला नव्हता. टाकता येत नव्हता. पडद्यावर ते राखी होतं, आणि राखीच्या मागं काय आहे ते तिकीट काढून बघता येत नव्हतं.

"साक्ष न्हाय," आकाराम पुटपुटला.

"साक्ष हितं बसलीया की," हंबीरराव म्हणाले आणि दस्तगीरला कोपरानं ढोसलं. "बोल रं रंगाऱ्या."

दस्तगीरनं हात उताणे केले. बराच वेळ त्यांच्याकडं बघितलं.

"गिऱ्हाइकाचं लुगडं व्हतं," तो म्हणाला. "डाळिंबी करायचं व्हतं. आदल्या दिवशी हंड्यात नीळ केलती, हंडा म्या नीट धुतला न्हवता. रंग फिसकटला. डाळिंबी न्हाय आणि जांभळा न्हाय. जांभळं खाल्ल्यावर जीभ कशी असती, तसा. गिऱ्हाईक घेईना. रोशन म्हणली, ‘मला द्या, मला झ्याक दिसंल.’ तेच नेसून गेली. नंतर म्या लई येळा करून बघितला. नीळ थोडी, नीळ जास्त. तसा परत उतरला न्हाय."

मलिकानं डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले.

"झ्याक दिसत व्हतं," ती म्हणाली.

पेट्रोमॅक्स बारीक झाला. मशीन घरघरू लागलं, पडद्यावर उजेड पडला. भाऊ सापडलेला नायक आता आणखी कशासाठी तरी रडत होता. पोरगी जागी झाली आणि कुरकुरली. मलिकानं तिला डाव्या खांद्यावर घेतलं आणि दोराशी वाकली.

"आता माझा सवाल," ती म्हणाली. "मी झोपले व्हते त्या दिवशी. उठवलं का न्हाय?"

दस्तगीर पडद्याकडं बघत म्हणाला, "पिक्चरचा उजेड तुझ्या तोंडावर पडला व्हता. कमीजास्त व्हत व्हता. तुझं तोंड, म्हंजे... म्या तुझ्याकडंच बघत बसलो. बाजार कवा आला, कोंबडी कवा सुटली, मला कळलंच न्हाय. त्या दिवशी म्या पडद्याकडं बघितलंच न्हाय, पोरी."

शेजारून मला हंबीररावांचा श्वास ऐकू येत होता. ते साक्ष मागायचे विसरले. मलिकानं दोराखालून पोरगी अलीकडं सरकवली, आणि दस्तगीरनं ती घेतली, लिंबानं घासलेल्या हातांनी, पिक्चरचा उजेड तिच्या तोंडावर पडेल अशी.